व्हिएतनाम युद्धाची समाप्ती आणि अमेरिकेची काँग्रेस

व्हिएतनाम युद्धातील अमेरिकेचा लष्करी सहभाग थांबवण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे सेनेट व प्रतिनिधिगृह या दोन सभागृहांच्या संघीय विधिमंडळाने, १९६९ ते १९७५ या काळात अनेक कायदेशीर उपाय योजले. आधी दिलेली संमती मागे घेणे, युद्धक्षेत्राला भौगोलिक मर्यादा घालणे, सैन्य परत आणण्याची मुदत ठरवणे आणि अखेरीस युद्धासाठीचा निधी बंद करणे हे त्यांतील प्रमुख होत. १ जुलै १९७३ रोजी मंजूर झालेल्या निधीबंदीमुळे त्याच वर्षी १५ ऑगस्टला इंडोचीनमधील अमेरिकेची लढाऊ कारवाई पूर्णपणे थांबली. मात्र तोपर्यंत अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक मरण पावले होते आणि भूदलाच्या अखेरच्या तुकड्या मायदेशी परतल्या होत्या. लोकमत विरोधात गेल्यावरही विधिमंडळाला चालू युद्ध थांबवायला इतका काळ का लागला, हा या प्रकरणातील मुख्य प्रश्न असून अमेरिकेच्या राज्यघटनेच्या अभ्यासात त्याची आजही चर्चा होते.

घटनात्मक चौकट

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्धाचे अधिकार विभागून दिले आहेत. पहिल्या अनुच्छेदानुसार युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे व पोसणे आणि नौदल राखणे हे काँग्रेसचे अधिकार आहेत. सैन्यासाठीची तरतूद एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी करता येत नाही, आणि कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येत नाही. दुसऱ्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षांना सैन्याचे सरसेनापती केले आहे. युद्ध सुरू कोणी करावे याविषयी घटनेत निदान एक वाक्य तरी आहे. चालू युद्ध कोणी आणि कसे संपवावे याविषयी तेवढेही नाही.

तिजोरीच्या किल्ल्या हातात ठेवून कार्यकारी सत्तेला वेसण घालण्याची कल्पना इंग्लंडच्या संसदीय परंपरेतून आली आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस, २७ फेब्रुवारी १७८२ रोजी, ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सने वसाहतींविरुद्धचे आक्रमक युद्ध पुढे चालवण्यास विरोध करणारा ठराव २३४ विरुद्ध २१५ मतांनी संमत केला आणि महिनाभरातच पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना पायउतार व्हावे लागले. संसदीय पद्धतीत सभागृहाचे बहुमत गेले की मंत्रिमंडळ जाते, त्यामुळे वेगळ्या निधीबंदीची गरज सहसा पडत नाही. अध्यक्षीय पद्धतीत राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाळ ठरलेला असतो. त्यांच्या हाती विधेयक फेटाळण्याचा नकाराधिकारही असतो, आणि तो निष्प्रभ करण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. युद्धाला संमती द्यायला साधे बहुमत पुरते. राष्ट्राध्यक्षांच्या इच्छेविरुद्ध ते थांबवायला मात्र दोन-तृतीयांश बहुमत उभे करावे लागते. पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी हा असमतोल आहे.

टोंकिन ठराव

२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या पाणतीर नौकांनी अमेरिकेच्या ‘मॅडॉक्स’ या विनाशिकेवर हल्ला केला. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचे कळवण्यात आले. हा दुसरा हल्ला झालाच नव्हता, असे पुढे निष्पन्न झाले. परंतु राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याच आधारावर काँग्रेसकडे संमती मागितली आणि ७ ऑगस्टला ती मिळाली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, तर सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असे मतदान झाले. विरोधातील दोन सदस्य ऑरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग हे होते.

अमेरिकी सैन्यावरील हल्ले परतवण्यासाठी आणि पुढील आक्रमण रोखण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्यास या ठरावाने राष्ट्राध्यक्षांना पाठिंबा दिला. काळाची मर्यादा त्यात नव्हती. सेनेटचे सदस्य गेलॉर्ड नेल्सन यांना संघर्ष वाढवण्याचा हेतू नसल्याचे स्पष्ट करणारी दुरुस्ती सुचवायची होती. ठरावाची धुरा सांभाळणारे जे. विल्यम फुलब्राइट यांनी त्यांना परावृत्त केले. हेच फुलब्राइट दोन वर्षांच्या आत युद्धाचे प्रमुख टीकाकार बनले. त्यांच्या अध्यक्षतेखालील परराष्ट्र व्यवहार समितीच्या फेब्रुवारी १९६६ मधील सुनावण्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या आणि युद्धाविषयीच्या शंका प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर घरोघरी पोहोचल्या.

ठरावाच्या शेवटच्या कलमात एक दार उघडे ठेवले होते. दोन्ही सभागृहांच्या समवर्ती ठरावाने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना, ही संमती रद्द करता येणार होती. काँग्रेसने या मार्गाचा वापर कधीच केला नाही. पुढे टोंकिन ठराव रद्द झाला तो परदेशी लष्करी विक्रीच्या एका विधेयकाला जोडलेल्या दुरुस्तीने. जून १९७० मध्ये सेनेटने ती ८१ विरुद्ध १० मतांनी संमत केली आणि जानेवारी १९७१ मध्ये तिचे कायद्यात रूपांतर झाले. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या प्रशासनाने तिला फारसा विरोध केला नाही. सैन्य माघारी येत असताना त्याचे रक्षण करणे हा सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षांचा अधिकार आहे आणि त्यासाठी या ठरावाची गरज नाही, अशी प्रशासनाची भूमिका होती. ज्या कागदाच्या आधारे पाच लाखांवर सैन्य पाठवले गेले तो रद्द झाल्यावरही युद्ध दोन वर्षे चालू राहिले. संमती मागे घेणे म्हणजे मनाई करणे नव्हे, हे यातून काँग्रेसच्या लक्षात आले.

निधी मंजूर करण्याचा पेच

मे १९६५ मध्ये जॉन्सन यांनी ७० कोटी डॉलरची पुरवणी मागणी केली. महाराष्ट्राच्या विधिमंडळ अधिवेशनांच्या बातम्यांतून परिचित असलेल्या पुरवणी मागण्यांसारखीच ही प्रक्रिया आहे: मूळ अर्थसंकल्पाबाहेरील खर्चासाठी विधिमंडळाची वेगळी मंजुरी घेतली जाते. एवढी रक्कम तातडीने लागणार होती असे नव्हे. या मागणीच्या बाजूने दिलेले प्रत्येक मत हे व्हिएतनाममधील प्रयत्न चालू ठेवण्याच्या बाजूचे मत असेल, असे जॉन्सन यांनी आपल्या संदेशातच स्पष्ट केले होते. तीन दिवसांत ती मंजूर झाली. सेनेटमध्ये केवळ तिघांनी विरोध केला.

त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी हाच पेच पुन्हा उभा राहिला. सैनिक आघाडीवर पोहोचलेले असत आणि त्यांच्यासाठी दारूगोळा, अन्न व औषधे यांची मागणी सभागृहापुढे येई. विरोधात मत देणाऱ्यावर रणांगणातील सैनिकांना वाऱ्यावर सोडल्याचा आरोप होई. बाजूने मत दिल्यास ते युद्धाला दिलेले समर्थन मानले जाई. युद्ध चुकीचे आहे असे उघडपणे सांगणारे अनेक सदस्यही त्यामुळे निधीच्या बाजूने मत देत राहिले. एप्रिल १९६९ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांची संख्या ५ लाख ४३ हजारांवर, म्हणजे तिच्या शिखरावर पोहोचली. तोवर काँग्रेसने युद्धाचा एकही खर्च नाकारलेला नव्हता.

कूपर–चर्च दुरुस्ती

या पेचातून पहिली वाट काढली ती केंटकीचे रिपब्लिकन सदस्य जॉन शेरमन कूपर आणि आयडाहोचे डेमोक्रॅटिक सदस्य फ्रँक चर्च यांनी. जिथे सैनिक आहेत तिथला निधी तोडण्याऐवजी, जिथे ते अद्याप गेलेले नाहीत तिथे जाण्यासाठी निधी वापरू द्यायचा नाही, ही त्यांची युक्ती होती. डिसेंबर १९६९ मध्ये लाओस व थायलंडमध्ये लढाऊ भूदल पाठवण्यास मनाई करणारी तरतूद संरक्षण विनियोजन कायद्यात आली.

३० एप्रिल १९७० रोजी निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसवल्याचे जाहीर केले. देशभर निदर्शने झाली आणि ४ मे रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. कूपर व चर्च यांनी आता कंबोडियासाठी तशीच दुरुस्ती मांडली. प्रदीर्घ चर्चेनंतर ३० जूनला सेनेटने ती ५८ विरुद्ध ३७ मतांनी संमत केली. निक्सन यांनी सैन्य परत आणण्यासाठी स्वतः जाहीर केलेली मुदतही त्याच दिवशी संपत होती, हा योगायोग नव्हता. प्रतिनिधिगृहाने दुरुस्ती फेटाळली. तिचे सौम्य रूप जानेवारी १९७१ मध्ये कायदा झाले. त्याने कंबोडियात भूदल व लष्करी सल्लागार पाठवण्यास बंदी घातली, पण हवाई हल्ल्यांना हात लावला नाही.

या तरतुदी कागदोपत्री राहिल्या नाहीत. फेब्रुवारी १९७१ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याने लाओसमध्ये मोठी मोहीम काढली, तेव्हा अमेरिकेची हेलिकॉप्टरे व विमाने सोबत गेली, पण भूदल सीमेवरच थांबले. मात्र यातून आणखी एक परिणाम झाला. जमिनीवरचा मार्ग बंद झाल्याने बॉम्बफेकीवरील भर वाढला आणि पुढचा संघर्ष आकाशातल्या युद्धाभोवती फिरू लागला.

मुदत ठरवण्याचे प्रयत्न

साउथ डकोटाचे जॉर्ज मॅकगव्हर्न आणि ऑरेगनचे मार्क हॅटफील्ड यांची दुरुस्ती अधिक थेट होती. १९७१ च्या अखेरीपर्यंत सर्व सैन्य परत आणावे आणि त्यानंतर निधी मिळू नये, असा तिचा आशय होता. १ सप्टेंबर १९७० रोजी मतदानापूर्वी मॅकगव्हर्न यांनी सहकाऱ्यांना सुनावले की, तरुणांना अकाली थडग्यांत धाडण्याची जबाबदारी या सभागृहातील प्रत्येकावर अंशतः आहे. या भाषणाने अनेक सदस्य दुखावले. दुरुस्ती ५५ विरुद्ध ३९ मतांनी पडली.

१९७१ मध्ये सेनेटमधील बहुमतपक्षाचे नेते माइक मॅन्सफील्ड यांच्या पुढाकाराने शक्य तितक्या लवकर युद्ध संपवणे हे राष्ट्राचे धोरण असल्याचे जाहीर करणारे कलम लष्करी खरेदीच्या कायद्यात घालण्यात आले. निक्सन यांनी नोव्हेंबरमध्ये त्यावर सही करतानाच हे कलम आपल्यावर बंधनकारक नसल्याचे निवेदन काढले. धोरण सांगणाऱ्या कलमात पैशाची अट नसेल तर त्याची किंमत किती, हे त्या एका निवेदनाने दाखवले. १९७२ च्या उन्हाळ्यात सेनेटने निधीबंदीच्या दुरुस्त्या संमत केल्या. त्या प्रतिनिधिगृहात टिकल्या नाहीत.

प्रतिनिधिगृह इतके मागे का राहिले, याचे एक कारण सभागृहाच्या कार्यपद्धतीत होते आणि ते अनेकदा दुर्लक्षिले जाते. विधेयकांवरील दुरुस्त्यांचा विचार तेथे संपूर्ण सभागृहाची समिती या रूपात होत असे आणि त्या टप्प्यावरील मतदानात कोणी कोणते मत दिले याची नावनिशीवार नोंद ठेवली जात नसे. युद्धविरोधी दुरुस्ती पाडणाऱ्या सदस्याला मतदारसंघात जाब द्यावा लागत नव्हता. विधिमंडळ पुनर्रचना कायदा, १९७० यामुळे अशा मतांची नोंद होऊ लागली आणि १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक मतदान सुरू झाले.

१९७३ चा उन्हाळा

२७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिस शांतता करार झाला आणि २९ मार्चला अमेरिकेचे शेवटचे लढाऊ सैनिक व्हिएतनाममधून बाहेर पडले. युद्धकैदीही परतले. यामुळे निधीबंदीविरुद्धचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद, म्हणजे आघाडीवरील सैनिकांच्या सुरक्षिततेचा, संपुष्टात आला. कंबोडियावरील बॉम्बफेक मात्र थांबली नव्हती. फेब्रुवारी ते ऑगस्ट १९७३ या काळात त्या देशावर अडीच लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले. काँग्रेसने त्यासाठी संमती दिलेली नव्हती, टोंकिन ठराव रद्द झालेला होता आणि रक्षण करायला भूदलही उरले नव्हते.

संरक्षण खात्याने इतर शीर्षांखालील पैसा या बॉम्बफेकीकडे वळवण्याची परवानगी मागितली. १० मे १९७३ रोजी न्यूयॉर्कचे जोसेफ अडाबो यांनी ती नाकारणारी दुरुस्ती मांडली आणि ती २१९ विरुद्ध १८८ मतांनी संमत झाली. इंडोचीनमधील लढाईसाठीचा पैसा रोखणारे प्रतिनिधिगृहाचे हे पहिले मतदान होते. परवानगी मिळाली नाही तरी अन्य निधीतून बॉम्बफेक चालू ठेवता येईल, असे संरक्षणमंत्री एलियट रिचर्डसन यांनी आधीच सांगितले होते. मिसूरीचे थॉमस ईगल्टन यांनी सेनेटमध्ये ही पळवाट बंद केली. कोणत्याही कायद्याखाली पूर्वी मंजूर झालेला कोणताही निधी लाओस वा कंबोडियातील लढाईसाठी वापरता येणार नाही, अशी त्यांची भाषा होती. ३१ मे रोजी ती ६३ विरुद्ध १९ मतांनी संमत झाली आणि पुढे प्रतिनिधिगृहानेही स्वीकारली.

२७ जूनला निक्सन यांनी हे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहात २४१ सदस्यांनी नकाराधिकाराविरुद्ध, तर १७३ सदस्यांनी बाजूने मत दिले. ६८ मतांची आघाडी असूनही दोन-तृतीयांशासाठी ३५ मते कमी पडली. म्हणजे लोकप्रतिनिधींच्या स्पष्ट बहुमताला नको असलेली बॉम्बफेक एक-तृतीयांशाहून थोड्या अधिक सदस्यांच्या आधारावर चालू राहणार होती.

परंतु तेव्हा अमेरिकेचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असे. नवे विनियोजन झाले नाही तर सरकारी खात्यांचा कारभारच अडला असता. नकाराधिकार वापरला तरी हीच तरतूद पुन्हा पुन्हा, सरकारला टाळता न येणाऱ्या प्रत्येक विधेयकाला जोडली जाईल, असा पवित्रा मॅन्सफील्ड यांनी घेतला. त्याच आठवड्यात निक्सन यांचे माजी विधी सल्लागार जॉन डीन वॉटरगेट समितीपुढे साक्ष देत होते आणि राष्ट्राध्यक्षांचे राजकीय बळ ओसरत होते. २९ जूनला प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते जेराल्ड फोर्ड यांनी, राष्ट्राध्यक्षांना १५ ऑगस्टची मुदत मान्य असल्याचे सभागृहाला सांगितले. अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. फोर्ड यांनी कॅलिफोर्नियात असलेल्या निक्सन यांच्याशी दूरध्वनीवर बोलून खात्री करून घेतली. १ जुलै रोजी सही झालेल्या कायद्यांनुसार १५ ऑगस्टनंतर उत्तर व्हिएतनाम, दक्षिण व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया यांच्या भूमीवर, आकाशात अथवा किनाऱ्याजवळून कोणत्याही लढाऊ कारवाईसाठी निधी वापरण्यास बंदी घालण्यात आली. क्लिफर्ड केस आणि फ्रँक चर्च यांच्या नावावरून ही तरतूद केस–चर्च दुरुस्ती म्हणून ओळखली जाते.

ईगल्टन यांनी या तडजोडीला कडाडून विरोध केला. दीड महिन्याची मुदत देऊन काँग्रेसने आजवर संमती नसलेल्या बॉम्बफेकीला प्रथमच संमती दिली, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका बी-५२ विमानाने कंबोडियातील नेआक लुओंग या मित्रपक्षाच्याच ताब्यातील गावावर चुकून बॉम्ब टाकले आणि शंभराहून अधिक लोक मारले गेले. त्या वेळी मुदत संपायला जेमतेम आठवडाभर उरला होता.

न्यायालयांची भूमिका

युद्धाची वैधता तपासण्यास न्यायालये बहुतांशी अनुत्सुक राहिली. मॅसॅच्युसेट्स राज्याने थेट सर्वोच्च न्यायालयात आणू पाहिलेला दावा नोव्हेंबर १९७० मध्ये दाखल करून घेण्यास नकार मिळाला. १९७१ मध्ये दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने काँग्रेसने निधी मंजूर केला आणि सक्तीची लष्करभरती वाढवली यातच तिची संमती दिसते, असे ठरवले. दोन वर्षांनी कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने ‘मिचेल वि. लेअर्ड’ या खटल्यात वेगळा सूर लावला: आधीच संकटात असलेल्या सैनिकांच्या रक्षणासाठी पैसा देणारा सदस्य युद्धाला मान्यता देतो, असा निष्कर्ष काढता येत नाही.

प्रतिनिधिगृहाच्या सदस्य एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी कंबोडियावरील बॉम्बफेकीविरुद्ध दावा लावला. २५ जुलै १९७३ रोजी न्यायाधीश ऑरिन जड यांनी ती अवैध ठरवून मनाईहुकूम दिला; अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ती उठवण्यास सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी नकार दिला, ४ ऑगस्टला न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी ती उठवली आणि त्याच दिवशी मार्शल यांनी इतर सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून पुन्हा लागू केली. बॉम्बफेक एका दिवसापुरतीही थांबली नाही.

युद्धाधिकार ठराव

७ नोव्हेंबर १९७३ रोजी काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार २८४ विरुद्ध १३५ आणि ७५ विरुद्ध १८ मतांनी डावलून युद्धाधिकार ठराव संमत केला. सैन्य संघर्षात उतरवल्यापासून ४८ तासांत काँग्रेसला कळवणे आणि संमती न मिळाल्यास ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, सैन्य मागे घेणे त्याने बंधनकारक केले. समवर्ती ठरावाद्वारे त्याआधीही सैन्य परत बोलावण्याची सोय त्यात होती. परंतु सहीविना होणारे असे ठराव बंधनकारक नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्थलांतरितांविषयीच्या ‘चढा’ खटल्यात ठरवल्याने ही सोय निकामी झाल्याचे मानले जाते. युद्धविरोधी ईगल्टन यांनी या ठरावाविरुद्ध मत दिले होते. राष्ट्राध्यक्षांना घटनेने न दिलेले ६० दिवसांचे युद्ध यामुळे मिळते, असे त्यांचे म्हणणे होते.

मदतकपात आणि सायगॉनचा पाडाव

लढाई थांबल्यावर प्रश्न उरला तो दक्षिण व्हिएतनामला द्यायच्या लष्करी मदतीचा. १९७५ या आर्थिक वर्षासाठी काँग्रेसने ७० कोटी डॉलर मंजूर केले. ही रक्कम प्रशासनाच्या मागणीपेक्षा बरीच कमी होती. १० एप्रिल १९७५ रोजी, उत्तर व्हिएतनामचे सैन्य सायगॉनकडे सरकत असताना, राष्ट्राध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी आणखी ७२ कोटी २० लाख डॉलरची लष्करी मदत मागितली. लोकांना बाहेर काढण्यासाठी पैसा देण्यास सेनेटची परराष्ट्र व्यवहार समिती तयार होती, शस्त्रांसाठी नव्हती. १७ एप्रिलला नॉम पेन्ह आणि ३० एप्रिलला सायगॉन पडले.

निधीबंदी व मदतकपातीमुळे हाती आलेली शांतता गमावली, असा आरोप निक्सन आणि हेन्री किसिंजर यांनी पुढे केला. प्रतिपक्षाच्या मते पॅरिस करारानेच उत्तर व्हिएतनामचे सैन्य दक्षिणेत राहू दिले होते आणि करार मोडल्यास पूर्ण ताकदीने प्रत्युत्तर देण्याची जी आश्वासने निक्सन यांनी अध्यक्ष न्गुयेन व्हान थियू यांना पत्रांतून दिली, ती काँग्रेसपासून लपवलेली होती. काँग्रेसने न दिलेला शब्द तिने मोडला असे म्हणणे कठीण आहे. मदत कमी झाल्याने दक्षिणेच्या सैन्याला दारूगोळा व इंधनाची टंचाई भासली, हेही तितकेच खरे आहे.

नंतरचा वापर

हाच मार्ग १९७६ मध्ये अंगोलातील गुप्त मदत रोखण्यासाठी वापरला गेला. सोमालियातील मोहिमेचा निधी काँग्रेसने ३१ मार्च १९९४ नंतर बंद केला. ही तारीख राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी स्वतःच माघारीसाठी जाहीर केली होती. इराकमधून सैन्यमाघारीचे वेळापत्रक घालणारे विनियोजन विधेयक जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १ मे २००७ रोजी परत पाठवले आणि काँग्रेसने अखेर वेळापत्रकाविना निधी दिला. येमेनमधील युद्धाला अमेरिकेने चालवलेले साहाय्य थांबवणारा ठराव २०१९ मध्ये युद्धाधिकार ठरावाच्या आधारे प्रथमच दोन्ही सभागृहांत संमत झाला. डोनाल्ड ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो डावलण्याच्या प्रयत्नाला सेनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ असे बहुमत मिळाले, दोन-तृतीयांश मिळाले नाही.